दूर बसून हाताखाली

अमेरिकेतलं न्यू मेक्सिको राज्य क्षेत्रफळात महाराष्ट्राहून किंचित मोठं आहे. २००३ साली तिथली लोकसंख्या मात्र वीस लाखांच्याही आत होती. वाळवंट, डोंगर, मूळ रहिवाशांची राखीव क्षेत्रं आणि त्यांत विखुरलेली लहान लहान गावं. विद्यापीठाचं मोठं रुग्णालय एकच, आल्बुकर्की शहरात. या राज्यात सुमारे २८,००० लोकांना हिपॅटायटिस सी झालेला असावा असा अंदाज होता, आणि त्यांतल्या शंभरात पाच जणांपर्यंतही उपचार पोचले नव्हते. तुरुंगांत २,३०० कैद्यांना लागण झालेली होती. त्यांच्यापैकी एकावरही उपचार झाले नव्हते.

हिपॅटायटिस सीचा विषाणू रक्तातून पसरतो आणि यकृतात वीस-तीस वर्षं गुपचूप राहू शकतो. माणूस हिंडतो-फिरतो, कामाला जातो, आणि आतल्या आत यकृत कठीण होत जातं. पोटात पाणी साठलं, रक्ताची उलटी झाली किंवा यकृतात कर्करोगाची गाठ दिसली की मग धावाधाव सुरू होते, आणि तोवर बहुतेकदा उशीर झालेला असतो. त्या काळातला उपचारही सोपा नव्हता. आठवड्याला इंटरफेरॉनचं एक इंजेक्शन आणि रोज रिबाविरिनच्या गोळ्या, विषाणूच्या प्रकारानुसार २४ किंवा ४८ आठवडे. ताप, अंगदुखी आणि थकवा हे ठरलेलंच. काहींचं हिमोग्लोबिन झपाट्याने उतरायचं, काहींच्या पांढऱ्या पेशी घटायच्या, काही रुग्ण इतके खिन्न व्हायचे की जगणं नको म्हणायचे. मात्रा कधी कमी करायची, औषध कधी थांबवायचं, कुणाला मुळात सुरूच करायचं नाही, हे निर्णय अनुभवाशिवाय घेता येत नसत. म्हणून गावातला डॉक्टर या वाटेला जायचा नाही. तो चिठ्ठी द्यायचा: आल्बुकर्कीला जा.

आल्बुकर्कीत नंबर लागायला आठ महिने. काहींना एका बाजूचं अंतरच चारशे किलोमीटर. एवढं करून उपचार सुरू झाला, तर वर्षभरात डझनाहून अधिक खेपा. रोजंदारीवर पोट असलेल्या माणसाला हे जमणार कसं? तो घरीच राहायचा.

आल्बुकर्कीतले तज्ज्ञ होते डॉ. संजीव अरोरा. त्यांचं वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या ओळखीच्या एएफएमसीत झालं. पुढे अमेरिकेत ते पचनसंस्था आणि यकृताच्या विकारांचे तज्ज्ञ झाले. रांग कमी करायची, तर त्यांच्यापुढे दोन सरळ मार्ग होते. एक म्हणजे आणखी तज्ज्ञ आणणं. ते मिळत नव्हते. दुसरा म्हणजे व्हिडिओवरून रुग्ण तपासणं. त्याने रुग्णाचा प्रवास वाचला असता, पण अरोरांच्या दिवसाचे तास वाढले नसते. खुर्चीतला रुग्ण पडद्यावर आला असता, रांग तेवढीच राहिली असती.

त्यांनी तिसरा मार्ग धरला. डॉक्टर घडतो तो वॉर्डात. निवासी डॉक्टर रुग्ण तपासतो, राउंडला वरिष्ठांसमोर केस मांडतो, वरिष्ठ उलटसुलट प्रश्न विचारतात, चूक असेल तिथे थांबवतात, बरोबर असेल तिथे पुढे जाऊ देतात. रुग्ण मात्र त्या निवासी डॉक्टरच्याच ताब्यात राहतो. पुढच्या राउंडला तोच त्याची खबर आणतो. शेकडो रुग्णांनंतर त्याचा हात बसतो. अरोरांनी हा राउंडच दूरसंपर्काच्या तारेवर आणला. राज्यभर गाडीने फिरून त्यांनी डॉक्टरांना गाठलं, आणि पुढे १६ सामुदायिक आरोग्य केंद्रं आणि ५ तुरुंग मिळून २१ ठिकाणं जोडली गेली. उपक्रमाच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘इको’ म्हणू लागले.

आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सगळी केंद्रं एकाच पडद्यावर येत. आल्बुकर्कीच्या टोकाला अरोरांसोबत मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधशास्त्रातला जाणकार बसत, कारण इंटरफेरॉन घेणाऱ्या रुग्णाचं मन आणि रक्त दोन्ही सांभाळावं लागतं. मग एकेक केंद्र आपली केस मांडे. रुग्णाचं नाव नाही, गाव नाही. वय, स्त्री की पुरुष, रक्ताचे अहवाल, इतर आजार, दारूची सवय, घरची परिस्थिती, आणि शेवटी प्रश्न: ‘बाराव्या आठवड्यात हिमोग्लोबिन उतरलंय, रिबाविरिन कमी करू की थांबू?’ तज्ज्ञ काही सांगण्याआधी बाकीच्या गावांतले डॉक्टर बोलत. महिन्यापूर्वी हेच ज्याच्या रुग्णाला झालं, तो आपण काय केलं ते सांगे. मग तज्ज्ञांचं मत. मधे पंधरा-वीस मिनिटांचं छोटं व्याख्यानही असे. पण व्याख्यान तोंडी लावण्यापुरतं, जेवण केसचं.

या रचनेत एक नियम सगळ्यांत महत्त्वाचा होता. रुग्ण गावातल्या डॉक्टरचाच राहायचा. अरोरा त्याला तपासत नसत, औषध लिहून देत नसत. ते सल्ला देत, निर्णय आणि सही गावातल्या डॉक्टरची. दूरवरून दिल्या जाणाऱ्या मार्गदर्शनाची योजनापत्रं मी वाचतो, तेव्हा हीच गोष्ट त्यांत शोधतो: शिकणाऱ्याच्या हातात खरं काम उरलं आहे का? ते उरलं नसेल तर यंत्रणा कितीही महाग असो, शिकणारा प्रेक्षक होतो. प्रेक्षक कितीही वर्षं पाहत बसला तरी त्याचा हात बसत नाही.

दुसरी गोष्ट वरवर किरकोळ वाटेल. गावातल्या डॉक्टरकडे हिपॅटायटिस सीचे स्वतःचे रुग्ण असणार चार किंवा पाच. पण दर आठवड्याला तो इतरांच्या केसही ऐकत असतो. वर्षभरात त्याने शेकडो रुग्णांचा प्रवास ऐकलेला असतो: कुणाला थायरॉइडचा त्रास झाला, कुणी चौथ्या महिन्यात औषध सोडलं, कुणाला पुन्हा दारूने धरलं. मोठ्या रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरला जो अनुभव मिळतो, तो तीनशे किलोमीटर दूरच्या दवाखान्यात बसून गोळा होतो. एकाच तज्ज्ञाशी खासगी फोनवर बोलून हे होत नाही. त्यासाठी सोबतीचे शिकणारे लागतात आणि आपली अडचण सगळ्यांसमोर मांडण्याची तयारी लागते. सुरुवातीला ही तयारी फार जड जाते. ‘हे मला येत नाही’ असं वीस सहकाऱ्यांसमोर म्हणणं कुठल्याच डॉक्टरला सोपं नाही, शिक्षकालाही नाही. तज्ज्ञ माणूस बोलावतानाची पहिली कसोटी मी इथेच लावेन: त्याच्यासमोर हे वाक्य उच्चारताना समोरच्याला धीर येतो की धास्ती वाटते?

हे सगळं छान वाटतं, पण रुग्ण बरे झाले का? अरोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजलं आणि जून २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापलं. ४०७ रुग्णांची नोंद होती. विद्यापीठाच्या दवाखान्यात तज्ज्ञांनी स्वतः तपासलेल्या १४६ रुग्णांपैकी ८४ जणांच्या रक्तातून विषाणू कायमचा गेला, म्हणजे ५७.५ टक्के. गावांतल्या आणि तुरुंगांतल्या २६१ रुग्णांपैकी १५२, म्हणजे ५८.२ टक्के. गंभीर दुष्परिणाम विद्यापीठात १३.७ टक्के रुग्णांना झाले, गावांत ६.९ टक्क्यांना. दुष्परिणामांचा हा आकडा जपून वाचायला हवा. रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेले नव्हते आणि जास्त गुंतागुंतीचे रुग्ण विद्यापीठाकडे गेले असण्याची शक्यता आहे. ‘गावचा डॉक्टर तज्ज्ञाहून सरस’ असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पण गावात उपचार केले म्हणून रुग्णाचं नुकसान झालं नाही, एवढं मात्र दिसतं, आणि तेवढं पुरेसं होतं. आधी ज्यांना उपचारच मिळत नव्हते त्यांच्याशी तुलना करा, मग या १५२ माणसांचं मोल कळेल. त्याआधी, २०१० मध्ये, सहभागी डॉक्टरांनी स्वतःच्या कौशल्याला सातपैकी किती गुण दिले तेही प्रसिद्ध झालं होतं. सुरुवातीला सरासरी २.८, वर्षभरानंतर ५.५.

तुरुंगांतून पुढे आणखी एक फांदी फुटली. काही कैद्यांनाच प्रशिक्षण देऊन त्यांनी आपल्या बराकीतल्या इतरांना संसर्गाबद्दल शिकवायचं, अशी ती योजना. सुईची देवाणघेवाण आणि तुरुंगातलं गोंदण यांतून विषाणू कसा पसरतो, हे बाहेरच्या डॉक्टरने सांगण्यापेक्षा सोबतच्या कैद्याने सांगितलेलं कानात शिरतं.

२०१३ च्या अखेरीस सोफोसबुविर हे औषध आलं आणि काही वर्षांत इंटरफेरॉनची गरजच संपली. आज हिपॅटायटिस सी बहुतेकांचा आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. ज्या अवघड विद्येसाठी हे जाळं विणलं होतं, तीच कालबाह्य झाली. जाळं मात्र टिकलं. त्याच पद्धतीने एचआयव्ही, मधुमेह, अफूजन्य औषधांचं व्यसन, स्मृतिभ्रंश आणि क्षयरोग यांच्या साप्ताहिक बैठका सुरू झाल्या, पुढे कोविडच्याही. अनेक देशांत अशी केंद्रं निघाली. औषधाची माहिती जुनी होते. आपली अडचण दर आठवड्याला मांडायची सवय लागलेले डॉक्टर नवी माहितीही त्याच वाटेने उचलतात.

तारेवरून शिष्य घेण्याचा विचार अरोरांच्याही आधीचा आहे. १९९३ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या ज्युडी हॅरिस यांनी शाळेतले वर्ग आणि विषयतज्ज्ञ यांची ईमेलवरून गाठ घालून द्यायला सुरुवात केली. १९९५ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीतल्या अभियंत्यांनी विद्यार्थ्यांशी ईमेलवरून बोलण्याचा कार्यक्रम सुरू झाला. १९९७ मध्ये कॅरल म्युलर यांनी मेंटॉरनेट काढलं. अभियांत्रिकी आणि विज्ञान शिकणाऱ्या मुलींना उद्योगात काम करणाऱ्या माणसांशी जोडून देणं हा त्याचा हेतू. वर्गात एकटीच मुलगी, शिकवायला एकही बाई नाही, अशा जागी बसलेल्या विद्यार्थिनीला वर्षभर कुणीतरी लिहून विचारणारं असावं, ही गरज त्यामागे होती. ईमेलची जोडी जुळते पटकन आणि थंडावते त्याहून पटकन, हे तिथे लवकर ध्यानात आलं. म्हणून दर एक-दोन आठवड्यांनी दोघांनाही बोलायला विषय सुचवणारी पत्रं संस्थेकडून जात. मार्गदर्शक शोधून देणं हे निम्मंही काम नव्हे. संबंध चालू ठेवायला एखाद्या तिसऱ्या माणसाला सतत खटपट करावी लागते, आणि योजना आखताना त्याचाच पगार पहिल्यांदा कापला जातो.

संगणकाच्या मुक्त प्रणालींच्या जगात ही खटपट कामाच्या रीतीतच मुरलेली आहे. गूगल २००५ पासून ‘समर ऑफ कोड’ चालवतं. विद्यार्थी एखाद्या मुक्त प्रकल्पासाठी काही महिने काम करतो आणि त्या प्रकल्पातला जुना प्रोग्रॅमर त्याचा मार्गदर्शक असतो. दोघं बहुधा वेगवेगळ्या देशांत, कधी उलट्या वेळापत्रकात. विद्यार्थी कोड पाठवतो आणि मार्गदर्शक ओळीओळीवर शेरे देतो: हे नाव बदल, ही चाचणी राहिली, हे आधीच दुसरीकडे लिहिलेलं आहे. शेरे सगळ्यांना दिसतात, त्यामुळे पुढच्या वर्षीचा विद्यार्थी ते वाचून येतो. पहिल्या दशकात या कार्यक्रमात सर्वाधिक विद्यार्थी पाठवणारं विद्यापीठ श्रीलंकेतलं मोरातुवा होतं. अमेरिकेतली आणि आपल्याकडची बडी नावं त्याच्या मागे राहिली.

शाळेतल्या मुलांची गोष्ट वेगळी. तिथे विषयाच्या जाणकाराइतकीच गरज असते लक्ष देणाऱ्या माणसाची. सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीतल्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवला, हे अनेकांनी वाचलेलं असेल. त्यांचा पुढचा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. दक्षिण भारतातल्या कलिकुप्पम गावातली तमिळ बोलणारी मुलं इंग्रजीतून, स्वतःच, संगणकावर रेणवीय जीवशास्त्र किती शिकतील, हे त्यांनी आणि ऋतू डंगवाल यांनी पाहिलं. मुलं काही टप्प्यापर्यंत गेली आणि अडली. मग त्यांच्यासोबत एक तरुण मुलगी ठेवली. तिला जीवशास्त्र येत नव्हतं. ती फक्त विचारायची: हे काय? कसं केलंत? मला दाखवा ना. मुलं आणखी बरीच पुढे गेली. प्रयोग लहान होता, त्यावरून शाळा बंद करायला निघणं वेडेपणाचं ठरेल. शिक्षकाची जागा यातून भरून निघत नाही. पण आजीसारखं कौतुकाने विचारणारं कुणीतरी असण्याचा मुलांवर काय परिणाम होतो, ते त्यात दिसलं.

त्यातूनच २००९ मध्ये ‘ग्रॅनी क्लाउड’ सुरू झालं. ब्रिटनमधल्या आणि नंतर इतर देशांतल्या स्वयंसेवकांनी, त्यांत निवृत्त शिक्षिका पुष्कळ, ठरलेल्या वेळी स्काइपवरून भारतातल्या मुलांशी बोलायचं, गोष्टी सांगायच्या, कोडी घालायची. त्याचा समन्वय पुण्याच्या सुनीता कुलकर्णी यांनी केला. सुगत मित्रा यांना २०१३ चं टेड पारितोषिक मिळाल्यावर जी थोडी केंद्रं उभी राहिली, त्यांत फलटणचंही होतं. परदेशी आजीचं इंग्रजी कळायला मुलांना वेळ लागायचा आणि इंटरनेट तुटायचं. तरीही त्या वेळी कुणीतरी आपल्यासाठी येऊन बसलेलं असतं, हे मुलांना कळायचं.

भारतातला मला सर्वांत आशादायक वाटणारा प्रयत्न बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा आहे. मानसोपचारतज्ज्ञ आपल्याकडे फार थोडे, आणि आहेत तेही शहरांत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी दवाखान्यांतल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आरोग्यसेवेचं प्राथमिक प्रशिक्षण देणं सरकारवर बंधनकारक केलं. ते देणार कसं? चार दिवस शहरात बोलावून व्याख्यानं दिली की प्रमाणपत्र मिळतं, औषध लिहायचा धीर येत नाही. निम्हान्सने २०१४ मध्ये इकोची पद्धत घेतली. छत्तीसगडसारख्या राज्यांतल्या डॉक्टरांबरोबर नियमित केसचर्चा सुरू केल्या आणि पुढे एक पाऊल टाकलं. प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर आपल्या नेहमीच्या ओपीडीत बसलेला असताना निम्हान्सचा तज्ज्ञ व्हिडिओवरून त्याच्याबरोबर बसतो. डोकं दुखतं, अशक्तपणा आहे, झोप येत नाही, छातीत धडधडतं अशा तक्रारी घेऊन आलेल्या रांगेतच नैराश्य आणि चिंताविकार लपलेले असतात. वेगळ्या खोलीत नेऊन तासभर बोलायला त्या डॉक्टरला सवड नसते. म्हणून त्या दोन-तीन मिनिटांतच कोणते प्रश्न विचारायचे, कुठली गोळी किती मात्रेने सुरू करायची, पुन्हा कधी बोलवायचं, हे तज्ज्ञ त्याच्याच रुग्णावर, त्याच्याच गर्दीत दाखवतो. बंगळूरची शांत ओपीडी पाहून छत्तीसगडची ओपीडी चालवता येत नाही, हे ज्यांनी ओळखलं त्यांना मी मनापासून दाद देतो.

महाराष्ट्रात साधनं कमी नाहीत. ई-संजीवनी या दूरवैद्यक सेवेवरून उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी डॉक्टरांशी बोलतो, रुग्णाला औषधाची चिठ्ठी मिळते, एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी वाचते. ही फार उपयोगाची सेवा आहे. पण आज विचारलेला प्रश्न तोच अधिकारी उद्या पुन्हा विचारतो, कारण उत्तर रुग्णाला मिळालेलं असतं आणि कारण त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं. शिक्षकांसाठी दीक्षा या ऑनलाइन मंचावर ‘निष्ठा’ प्रशिक्षणाचे घटक आहेत. व्हिडिओ पाहा, प्रश्नांची उत्तरं द्या, प्रमाणपत्र घ्या. तिसरीतल्या अमुक मुलाला अजून जोडाक्षरं का वाचता येत नाहीत, हे मांडायला त्यात जागा नाही. आणि व्हॉट्सअॅपच्या गटांवर तर परिपत्रकं आणि माहिती भरण्याच्या मुदती. त्यांतून आदेश खाली जातो, अडचण वर येत नाही.

यासाठी नवा मंच उभारण्याची गरज नाही. आहे त्याच जोडणीवर आठवड्याचा एक तास राखून ठेवावा. त्या तासात रुग्ण पाहायचे नाहीत आणि आकडेवारी मागायची नाही. दहा-पंधरा उपकेंद्रं किंवा शाळा, एक अनुभवी माणूस, आणि दर वेळी दोघा-तिघांनी नावं वगळून मांडलेल्या खऱ्या केस. हा तास कामाच्या वेळेतच मोजला जावा, रात्री नऊनंतर घरी बसून करायचं पुण्यकर्म म्हणून नव्हे. नोंदी ठेवायला आणि फोन करून लोकांना बोलवायला एक माणूस पगारावर असावा. वर्षभराने रुग्णांचं आणि मुलांचं काय झालं ते मोजावं आणि आकडे वाईट आले तरी छापावेत. जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा शिक्षणाधिकारी हे वाचत असतील, तर एका तालुक्यापासून सुरुवात करणं त्यांच्या हातात आहे. आणि तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या परिचारिका, आयटीआयचे निवृत्त निदेशक, पहिलीचे वर्ग घडवलेल्या बाई, तुमच्यापैकी कुणाला आठवड्याचा एक तास देता येत असेल, तर जवळच्या केंद्राला तसं आजच कळवा. पण पहिल्या दिवशी व्याख्यान घेऊन जाऊ नका. या आठवड्यात कुठे अडलात, एवढंच विचारा आणि ऐकून घ्या.